ब्लॅकपूलला राहायला आलात? ट्राम, बस आणि दोन स्टेशनांचा घोळ

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला येणाऱ्या नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा गाडी बदलायच्या स्टेशनात, प्रेस्टनच्या फलाटावर होते. माझीही तिथंच झाली. जानेवारीतली रात्र, दोन बोजड बॅगा, पाठीवर सॅक, खांद्याला लटकवलेला थर्मास. फलकावर ‘ब्लॅकपूल’ एवढंच वाचलं आणि समोर उभ्या असलेल्या छोट्याशा गाडीत घुसले. गाडी रमतगमत निघाली, मध्ये कुठे कुठे थांबली, आणि पाऊण तासाने शेवटच्या स्टेशनात उतरले तर एकच फलाट, तिकीट खिडकी नाही, चिटपाखरू नाही. वारा असा की डोक्यावरची टोपी एका हाताने दाबून धरावी आणि उरलेल्या एका हाताने दोन बॅगा ओढाव्यात. माझी खोली ब्लॅकपूल नॉर्थ स्टेशनपासून पाच मिनिटांवर होती. मी उभी होते ब्लॅकपूल साउथला, दोन-अडीच किलोमीटर लांब. ‘नॉर्थ’ आणि ‘साउथ’ हे शब्द फलकावर स्पष्ट होते. मीच वाचले नव्हते.

तेव्हापासून इथे नोकरीला, शिकायला किंवा नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या व्हिसावर येणाऱ्या दरेक मराठी माणसाला मी तेच ते सांगत आले आहे. ते एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी हे गाव कुणासाठी बांधलंय ते समजून घ्या

वेळापत्रक पाठ करण्याआधी एवढं वाचाच, कारण इथल्या गाड्या जिथे आहेत तिथे का आहेत, हे त्याशिवाय कळत नाही.

१८४६ मध्ये रेल्वे इथे पोचली आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांतले कामगार समुद्रावर येऊ लागले. तिकडे ‘वेक्स वीक’ म्हणून प्रथा होती. उन्हाळ्यात एकेका गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम आठवडाभर बंद. या आठवड्यात एक गाव, पुढच्या आठवड्यात दुसरं. भोंगा थांबला की अख्खं गाव ट्रंका घेऊन ब्लॅकपूलच्या गाडीत. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. गणपतीला सगळी चाळ कशी रिकामी व्हायची आणि कोकणच्या गाडीत पाय ठेवायला कशी जागा नसायची, हे ते रंगवून सांगायचे. त्यामुळे वेक्स वीक म्हणजे काय ते मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. फरक इतकाच, की आमचा चाकरमानी घरी जायचा आणि इथला घरापासून लांब पळायचा.

त्या गर्दीसाठी इथे टॉवर उभा राहिला (१८९४), एकापाठोपाठ एक तीन पिअर, म्हणजे फिरायचे लांब धक्के, समुद्रात घुसले, आणि टॉवरच्या जवळच १४ फलाटांचं सेंट्रल स्टेशन झालं. मग गिरण्या गेल्या, लोक विमानाने स्पेनला जाऊ लागले. १९६४ मध्ये सेंट्रल स्टेशन बंद झालं. गंमत अशी, की रेल्वे आवळण्याच्या त्या काळातल्या अहवालात कुऱ्हाड नॉर्थ स्टेशनवर होती. पण सेंट्रलची जागा समुद्राला लागून, मोक्याची. नगरपालिकेचा डोळा त्या जागेवर होता, म्हणून उलटं झालं. आज नॉर्थहून सामान ओढत समुद्राकडे चालताना धाप लागली, तर तो या व्यवहाराचा हिशेब आहे असं समजा.

थोडक्यात, लग्नाच्या पंगतीसाठी आणलेल्या पातेल्यात आता दोघांचा वरणभात शिजतो आहे. पाहुण्यांसाठी समुद्राकाठी चकचकीत सोय, आणि राहणाऱ्याला आतल्या गल्ल्यांमधून आपली वाट आपण शोधायची. पुढचं सगळं याच हिशेबाने वाचा.

नकाशा डोक्यात बसवा

मुंबईकराला सोपं आहे: समुद्र पश्चिमेला. किनाऱ्यालगत सरळ दक्षिणोत्तर रस्ता, त्याचं नाव प्रॉमेनेड. त्याच्या कडेने ट्राम. दक्षिण टोकाला स्टार गेट, उत्तर टोकाला फ्लीटवुड फेरी, मध्ये साधारण १८ किलोमीटर. नॉर्थ स्टेशन गावाच्या मध्याशी, नॉर्थ पिअरपासून आत टॅलबट रोडवर. साउथ स्टेशन नावाप्रमाणे दक्षिणेला, वॉटरलू रोडवर. शॉपिंगचा मध्य म्हणजे चर्च स्ट्रीट, कॉर्पोरेशन स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, आणि बहुतेक बसही तिथूनच सुटतात. एकच एक मोठा बस डेपो शोधत फिरू नका. रस्त्यावरच्या वेगवेगळ्या थांब्यांवर वेगवेगळ्या बस लागतात.

व्हिक्टोरिया हॉस्पिटल, स्टॅनली पार्क आणि बहुतेक राहती वस्ती पूर्वेला, आत. तिथे ट्राम जात नाही. घर भाड्याने बघताना ‘ट्रामच्या जवळ’ अशी जाहिरात वाचून हुरळू नका. हॉस्पिटलात नोकरी असेल तर समुद्रदर्शन रोज होईल, पण पहाटेच्या पाळीला आधी गावात येऊन मग बस बदलावी लागेल. घर ठरवण्यापूर्वी तुमच्या पाळीच्या वेळेला, म्हणजे सकाळी सहा-साडेसहाला आणि रविवारी, त्या रस्त्यावरून बस आहे का ते वेळापत्रकात बघा. घरमालक ‘बस दारातून जाते’ म्हणेल. जाते हे खरंच. किती वाजता, ते त्याला विचारा.

गावात यायचं कसं

मँचेस्टर विमानतळावर उतरलात तर नशीबवान. विमानतळाच्या आतल्या स्टेशनातूनच ब्लॅकपूल नॉर्थला थेट गाड्या आहेत. नॉर्दर्न कंपनीच्या. मध्ये बोल्टन, प्रेस्टन लागतं. दीड तासाच्या आसपास धरून चाला.

लंडनला उतरलात तर यूस्टन स्टेशन गाठायचं आणि तिथून प्रेस्टन, सव्वादोन तासांच्या आसपास. ब्लॅकपूल नॉर्थपर्यंत थेट जाणाऱ्या गाड्या आहेत, पण मोजक्या. त्यांची वाट बघत बसण्यापेक्षा प्रेस्टनला बदला. प्रेस्टन ते नॉर्थ अर्धा तास.

आता तो घोळ. प्रेस्टनहून निघालेले दोन्ही मार्ग कर्कम स्टेशनपर्यंत एकत्र असतात, तिथे फाटतात. नॉर्थकडे जाणारा मार्ग दुहेरी, २०१८ पासून विजेवर चालणारा, गाड्या भरपूर. साउथकडे जाणारा एकेरी रूळ, लिदम आणि सेंट ॲन्सवरून जाणारा, साधारण तासाला एक गाडी. कर्कमपासून पुढे समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला जागाच नाही. म्हणजे जाणारी गाडी उशिरा पोचली की तीच परत फिरणारी, तिलाही उशीर, आणि तो संध्याकाळपर्यंत पुढे सरकत राहतो. मध्ये एक क्रॉसिंग द्या, ही स्थानिकांची जुनी मागणी. कोकण रेल्वेने प्रवास केलेल्याला हे दुखणं वेगळं सांगायला नको.

म्हणून चुकून साउथच्या गाडीत बसलात आणि कर्कमच्या आधी लक्षात आलं, तर कर्कमला उतरून मागची नॉर्थची गाडी घ्या. कर्कम सुटलं असेल तर आता निवांत बसा, लिदमची वस्ती बघा, आणि साउथला उतरून बस पकडा. मी त्या रात्री टॅक्सी केली. ती केवढ्याला पडली ते अजून घरी सांगितलेलं नाही.

साउथच्या मार्गावर मॉस साइड नावाचं इवलंसं स्टेशन आहे, तिथे गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं. चढायचं असेल तर फलाटावर ड्रायव्हरला दिसेल असा हात करायचा, आपण एसटीला करतो तसा. मला हे कळलं तेव्हा मुद्दाम एकदा तिथे जाऊन हात करून गाडी थांबवली. अख्खी आगगाडी आपल्या एका हाताने थांबते, हे सुख एकदा अनुभवून बघाच.

तिकीट: इथे हयगय नको

रेल्वेचं तिकीट गाडीत चढण्याआधी काढायचं. ‘आत टीसीकडून घेऊ’ ही सवय ठाण्यातच सोडा. विनातिकीट सापडलात तर पेनल्टी फेअर लागतो. २१ दिवसांच्या आत भरला तर ५० पाउंड अधिक त्या प्रवासाचं एकेरी भाडं, नंतर १०० पाउंड अधिक भाडं. ‘मी नवीन आहे’ हे कारण ऐकून घेतलं जातं, चालत नाही.

छोट्या स्टेशनांवर नुसतं यंत्र असतं आणि ते बहुधा कार्डच घेतं. तुमच्याकडे अजून इथल्या बँकेचं कार्ड नसेल, फक्त नोटा असतील, तर यंत्रावरच ‘प्रॉमिस टु पे’ नावाची चिठ्ठी मिळते. ती घ्या, गाडीत गार्डला दाखवा आणि रोख पैसे द्या. ही चिठ्ठी म्हणजे तुम्ही प्रामाणिक आहात याचा कागदी पुरावा. यंत्र बंद असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

तिकिटांची नावं तीनच लक्षात ठेवा. ‘एनी टाइम’ म्हणजे कधीही चालणारं, महाग. ‘ऑफ-पीक’ म्हणजे ऑफिसच्या गर्दीच्या वेळा सोडून. ‘ॲडव्हान्स’ म्हणजे ठरावीक गाडीचं, स्वस्त, पण तुमच्या चुकीने ती गाडी सुटली की वाया. मँचेस्टरहून संध्याकाळी परत येताना जरा जपून, कारण साधारण चार ते साडेसहा या वेळात तिथे काही ऑफ-पीक तिकिटं चालत नाहीत. तिकिटावर लिहिलेल्या अटी वाचायच्या, नाहीतर सरळ खिडकीवर विचारायचं. नॉर्थ आणि प्रेस्टनच्या खिडकीवरची माणसं विचारलं की स्वस्तातला पर्यायही सांगतात. रांगेत मागे दहा माणसं असली तरी तुमचं पूर्ण ऐकून घेतात आणि मागची दहा माणसंही चूं करत नाहीत.

आल्या आल्या रेलकार्ड घ्या. वर्षाचे ३५ पाउंड, भाड्यात एक तृतीयांश सूट. १६ ते २५ आणि २६ ते ३० वयाची वेगळी कार्डं आहेत, नवरा-बायको कायम एकत्र फिरत असाल तर ‘टू टुगेदर’, मुलं असतील तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’. लंडनच्या एका फेरीत पैसे वसूल होतात. दोन खाचा आहेत: तरुणांच्या कार्डावर सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत किमान १२ पाउंड भाडं लागतं, त्यामुळे प्रेस्टनसारख्या जवळच्या सकाळच्या प्रवासाला ते कार्ड निरुपयोगी. आणि ‘टू टुगेदर’ सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालतच नाही.

प्रेस्टनच्या विद्यापीठात शिकणाऱ्यांनी, किंवा आठवड्यातून दोन-तीनच दिवस तिकडे कामाला जाणाऱ्यांनी, ‘फ्लेक्सी सीझन’ बघावा. २८ दिवसांत कुठल्याही ८ दिवसांची ये-जा. महिन्याचा पास काढून निम्मे दिवस घरी बसण्यापेक्षा बरा.

ट्राम

आता आवडीचा विषय. इथली ट्राम २९ सप्टेंबर १८८५ ला सुरू झाली, तीही विजेवर. तेव्हा मुंबईत घोडे ट्राम ओढत होते, विजेची ट्राम मुंबईत यायला १९०७ उजाडलं. मग सगळ्या ब्रिटनने आपापल्या ट्रामी मोडीत काढल्या. १९६२ मध्ये ग्लासगोची शेवटची गेली आणि शहरात चालणारी ट्राम म्हणून ब्लॅकपूल एकटं उरलं. ३१ मार्च १९६४ ला मुंबईचीही गेली. ब्लॅकपूलने ती टिकवली याचं श्रेय पाहुण्यांना, कारण समुद्राच्या कडेने डुलत जाणारी ट्राम हीच त्यांना जत्रा वाटायची.

आजच्या रोजच्या ट्रामी जांभळट-पांढऱ्या, लांबलचक, खाली बसक्या, २०१२ पासूनच्या. थांब्याचा फलाट आणि ट्रामची जमीन एकाच पातळीवर, त्यामुळे बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची सरळ आत जाते. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं. पहिल्या दिवशी मी दारासमोर विनम्रपणे उभी राहिले आणि ट्राम निघून गेली.

आत चक्क कंडक्टर असतो! बसमध्ये नाही, गाडीत कधी दिसतो कधी नाही, पण ट्राममध्ये येतो, तिकीट देतो, गप्पा मारतो. कार्ड टेकवा किंवा रोख द्या. बेस्टच्या कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक तेवढी नाही. ट्राम नगरपालिकेच्या मालकीच्या ब्लॅकपूल ट्रान्सपोर्टची, बसही बहुतेक त्यांच्याच. त्यांचा दिवसाचा किंवा आठवड्याचा पास घेतला की ट्राम आणि बस दोन्हींत चालतो. दिवसातून तीनदा चढणार असाल तर सुट्या तिकिटांच्या भानगडीत पडू नका.

जून २०२४ पासून ट्रामचा एक फाटा नॉर्थ पिअरपाशी वळून टॅलबट रोडने थेट नॉर्थ स्टेशनपर्यंत येतो. म्हणजे माझ्यासारखं बॅगा ओढत चालणं तुमच्या नशिबी नाही. मात्र ट्रामच्या कपाळावरचं ठिकाण वाचा. काही स्टेशनकडे वळतात, काही सरळ किनाऱ्याने जातात.

उत्तरेला फ्लीटवुडला ट्राम भर बाजारातून, रस्त्याच्या मधोमध, मोटारींच्या बरोबरीने जाते. त्या गावात १९७० पासून प्रवासी रेल्वे नाही. ट्राम हीच त्यांची रेल्वे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या फिशरमन्स फ्रेंड या खोकल्याच्या झणझणीत गोळ्या याच फ्लीटवुडच्या, खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांसाठी १८६५ मध्ये केलेल्या. पहिल्या हिवाळ्यात लागतीलच. जिथे बनतात तिथूनच घ्या.

सुटीच्या दिवसांत आणि रोषणाईच्या काळात जुन्या ट्रामीही निघायच्या, त्यात १९३४ च्या दुमजली ‘बलून’, पण २०२४ च्या अखेरीस त्या फेऱ्या थांबल्या. त्यांचं तिकीट वेगळं असायचं, रोजचा पास चालायचा नाही. पुन्हा निघाल्या, तर घरचे आले की एकदा वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसवा त्यांना.

बस: राहणाऱ्यांचं खरं वाहन

बसची पद्धत अशी. थांब्यावर उभं राहा. तुमची बस दिसली की हात आडवा पुढे करा. नुसतं उभं राहून बसकडे बघितलं तर ड्रायव्हर समजतो की तुम्ही दुसरीची वाट बघताय, आणि निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही. चढायचं पुढच्या दाराने, रांगेत. ड्रायव्हरला कुठे जायचं ते सांगायचं आणि ‘सिंगल’ म्हणायचं, कार्ड टेकवायचं. रोख देणार असाल तर सुटे ठेवा. वीसची नोट पुढे केली की ड्रायव्हरचा चेहरा आपल्या रिक्षावाल्यांसारखा होतो. थांबा यायच्या आधी दांड्यावरचं लाल बटण दाबा. उतरताना ‘थँक यू’ किंवा इथल्या पद्धतीने ‘ता’ किंवा ‘चिअर्स’ म्हणायचं. शाळकरी पोरंही म्हणतात. न म्हणता उतरलात तर कुणी काही बोलणार नाही, पण सगळे बघतील. आणि ड्रायव्हर ‘ऑल राइट, लव्ह?’ म्हणाला तर दचकू नका. साठीचा ड्रायव्हर पंचविशीच्या मुलीला म्हणतो, पंचविशीची ड्रायव्हर साठीच्या गृहस्थांना म्हणते. ‘काय, बरंय ना?’ एवढाच त्याचा अर्थ. उत्तरादाखल तब्येतीचा अहवाल देऊ नये.

भाडं: इंग्लंडमध्ये बसच्या एकेरी तिकिटाला सध्या ३ पाउंडांची कमाल मर्यादा आहे, मार्च २०२७ पर्यंत जाहीर केलेली. जवळ गेलात तर त्याहून कमी, लांब गेलात तरी तीनच. हे बससाठी. ट्रामचं भाडं वेगळं. याचा फायदा लांबच्या बसला होतो. प्रेस्टनला जाणारी ६१ नंबरची बस किंवा लिदमवरून फिरून जाणारी ६८ घ्या. रेल्वेच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, पण सुटीच्या दिवशी घाई कुणाला आहे? या दोन्ही स्टेजकोच कंपनीच्या आहेत, तेव्हा ब्लॅकपूल ट्रान्सपोर्टचा पास इथे चालेल असं गृहीत धरू नका. ब्लॅकपूल ट्रान्सपोर्टची ११ नंबर दक्षिणेला सेंट ॲन्स-लिदमकडे जाते. दुमजली बसमध्ये वर पुढे बसून लिदमच्या हिरवळीवरची पांढरी पवनचक्की बघायची. १४ नंबर उत्तरेला फ्लीटवुडला, समुद्राकडून नाही तर आतल्या वस्तीतून. ट्राम दिसायला देखणी, पण १४ मध्ये बसलात की कळतं गाव राहतं कुठे: शाळा सुटलेली पोरं, औषधाच्या पिशव्या, पाळी संपवून परत निघालेल्या नर्सा.

नंबर आणि मार्ग अधूनमधून बदलतात, म्हणून कंपनीचं ॲप फोनवर ठेवा. बस नकाशावर सरकताना दिसते. पावसात थांब्यावर वीस मिनिटं उभं राहण्यापेक्षा घरात उभं राहावं.

कढीपत्ता, मेथी वगैरे

हाही वाहतुकीचाच विषय आहे. ब्लॅकपूलमध्ये पीठ, डाळी, हळद मोठ्या दुकानांत मिळतात, पण ताज्या भाज्यांसाठी प्रेस्टन किंवा बोल्टन. दोन्हीकडे जुनी गुजराती वस्ती आहे आणि दोन्ही मँचेस्टरच्या गाडीच्या वाटेवर. शनिवारी सकाळी ऑफ-पीक रिटर्न काढायचं, मोठी पिशवी न्यायची, आणि कडीपत्त्याची जुडी वरच्या बाजूला ठेवायची. डब्यात कुणीतरी हमखास विचारतं, कसला वास येतोय हा छान?

दूर जायचं असेल तर नॉर्थहून लिव्हरपूल थेट आहे, आणि दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न, बर्नली, ब्रॅडफर्ड, लीड्स करत यॉर्क. ती यॉर्कची गाडी संथ आहे, पण खिडकीतून जुन्या गिरण्यांची धुराडी दिसतात. पहिल्यांदा तिने गेले तेव्हा मला परळच्या पुलावर उभी असल्यासारखं वाटलं.

रोषणाई आणि हिवाळा

ब्लॅकपूलची रोषणाई १८७९ पासूनची, आठ विजेच्या कमानदिव्यांनी सुरू झालेली. आता ऑगस्टअखेरपासून नववर्षापर्यंत किनाऱ्याचे दहा किलोमीटर दिव्यांनी झगमगतात. त्या काळात, विशेषतः शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी, प्रॉमेनेडवर मोटारी मुंगीच्या पावलांनी सरकतात, ट्रामीत विसर्जनाची गर्दी. आतषबाजीच्या रात्री रस्ते बंद, बस वळवलेल्या. तुम्हाला त्या वेळी ड्यूटीवर जायचं असेल तर समुद्राकडे फिरकूच नका, आतल्या रस्त्यांच्या बसने जा आणि अर्धा तास आधी निघा.

जानेवारी ते मार्च अगदी उलट. ट्राम कमी, माणसं त्याहून कमी, आणि वादळात किनाऱ्याची वाळू उडून स्टार गेटकडच्या रुळांवर येऊन बसते. रविवारी रेल्वेची कामं काढतात आणि गाडीऐवजी ‘रिप्लेसमेंट बस’ देतात. ती स्टेशनच्या बाहेरून सुटते, तिकीट तेच चालतं, वेळ दुप्पट. २५ डिसेंबरला रेल्वे पूर्ण बंद, २६ ला जवळपास बंद. नाताळात पाळी लागली असेल तर सहकाऱ्याच्या गाडीत जागा नोव्हेंबरातच मागून ठेवा. डिसेंबरात सगळेच मागतात.

आई-बाबा आले की

इथल्या ज्येष्ठांना बसचा मोफत पास असतो, आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. तो इथल्या रहिवाशांसाठी. तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना मिळत नाही, तेव्हा तिथे वाद घालू नका. पण सीनिअर रेलकार्डाला रहिवासाची अट नाही. वय ६० असलं की पासपोर्ट दाखवून स्टेशनवरच काढता येतं. माझ्या बाबांना तो लाभ मिळाल्यावर त्यांनी ते कार्ड पाकिटात आधार कार्डाच्याही पुढे ठेवलं.

पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वेत तिकीट नाही, पाच ते पंधराला अर्धं.

गाडी चुकली, रद्द झाली, तर

गाडीने १५ मिनिटं किंवा त्याहून जास्त उशिरा पोचवलं तर पैसे परत मागता येतात, त्याला ‘डिले रिपे’ म्हणतात. १५ मिनिटांना एकेरी भाड्याचा पाव भाग, अर्ध्या तासाला निम्मं, तासाला पूर्ण. कारण काही का असेना. २८ दिवसांच्या आत अर्ज करायचा, तिकिटाचा फोटो जोडायचा. आपले लोक ‘जाऊ दे, दोन पाउंडांसाठी काय’ म्हणतात. एकेरी मार्गावर राहत असाल तर वर्षाकाठी चांगले पैसे होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरा. ती चुकली तर शेवटची आहे. शेवटचीच रद्द झाली, आणि तुमच्याकडे वैध तिकीट आहे, तर प्रेस्टनच्या फलाटावर रडत बसू नका की खिशातून टॅक्सीही करू नका. रेल्वेच्या अटींनुसार, अडकलेल्या प्रवाशाला शक्य असेल तर मुक्कामी पोचवणं किंवा रात्रीची सोय करणं हे रेल्वे कंपन्यांचं काम आहे. फलाटावर कर्मचारी असेल तर त्याला सांगा, नसेल तर ‘हेल्प पॉइंट’चं बटण दाबा, आणि तुम्हाला कुठे जायचं आहे ते स्पष्ट सांगा. एकदा पावसाळी रात्री आम्हा चौघा अनोळखी प्रवाशांना असंच एका टॅक्सीत बसवून दिलं होतं: एक विद्यार्थी, एक आजीबाई, एक स्वयंपाकी आणि मी. आजीबाईंनी पर्समधून पेपरमिंट काढून सगळ्यांना वाटल्या. ड्रायव्हरने विचारलं, ब्लॅकपूलमध्ये कुठे? चौघांनी चार पत्ते सांगितले. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘नॉर्थ’.